तलावाकाठचं छोटं शहर: पुळण, बाग, पायवाट, पाण्यातले खेळ (नियोजन आणि देखभाल)

काठावरून

नदीकाठ आणि समुद्रकिनारा यांवर भरपूर चर्चा होते, पण गोड्या पाण्याच्या तलावाकाठी वसलेल्या छोट्या शहरांचे प्रश्न वेगळे असतात. भरती-ओहोटी नाही, त्यामुळे आलेली घाण आपोआप निघून जात नाही. पालिका छोटी, माणसं मोजकी आणि उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत सगळी गर्दी. ठोस तपशील या चर्चा-धाग्यात जमा करूया. "जनजागृती हवी" छापाचे प्रतिसाद कृपया टाळा.

सुरुवात जागेच्या निवडीपासून करतो. नकाशा घेऊन बसण्याआधी जोराच्या पावसात छत्री घेऊन पूर्ण काठ चालावा आणि पाणी कुठून तलावात उतरतं त्या प्रत्येक ठिकाणी खूण करावी. पावसाळी गटाराची तोंडं, वाहनतळाचा उतार, बागेतल्या कारंज्याचा निचरा, सगळं. पोहण्याची जागा या खुणांपासून लांब हवी, आणि प्रवाह किंवा वारा त्यांच्याकडून पुळणीकडे येत नसावा. बहुतेक शहरांत नेमकं उलटं झालेलं असतं. गटार सोयीचं म्हणून सखल जागी सोडलं जातं आणि पुळणही सखल जागीच होते, म्हणून दोघं शेजारी येतात.

दुसरं म्हणजे अख्ख्या काठाला पुळण करायचा मोह टाळा. थोडा भाग वाळूचा, थोडा धक्क्यांचा आणि उरलेला झुडपं, लव्हाळे, पाणकणसांचा ठेवावा. या उरलेल्या भागाकडे "अजून विकास व्हायचाय" म्हणून बघू नये. बाकीचा काठ टिकतो तो त्याच्या जिवावर.

वाळूपाणी

जागा ठरली असं धरून वाळूबद्दल लिहितो.

मध्यम दाण्याची, म्हणजे साधारण ०.२५ ते ०.५ मिमीची धुतलेली वाळू घ्यावी. बारीक मातकट वाळू पहिल्याच पावसात पाणी गढूळ करते, पायाखाली दाबून घट्ट होते आणि ओल धरून ठेवते. फार जाड वाळू पायाला टोचते आणि काठाशी उभा कंगोरा तयार करते. खरेदीआधी घरगुती चाचणी करा: बरणीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, जोरात हलवून पाच मिनिटं ठेवा. पाणी गढूळच राहिलं किंवा वाळूवर चिखलाचा स्पष्ट थर बसला तर तो माल परत पाठवा.

थर निदान ३० सेंमी हवा. खाली जिओटेक्सटाइल (जमिनीत अंथरायचं कृत्रिम कापड) घालायचं असेल तर फक्त कोरड्या भागात, कारण लाटांच्या पट्ट्यात घातलेलं कापड वर्षा-दोन वर्षांत उघडं पडतं आणि त्यात पाय अडकतात.

पाण्याखालचा उतार १:१० पेक्षा तीव्र नको. लहान मुलांच्या भागात १:१५ किंवा त्याहून सौम्य ठेवा. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे टाकलेली वाळू जिथे संपते तिथे अचानक पडणारी पायरी. लाटा वाळू आत ओढत नेतात, ती एका रेषेत साठते आणि तिच्या पलीकडे एकदम खोल पाणी लागतं. वरून काही दिसत नाही. मोसम उघडण्याआधी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर दोन माणसांनी खुणा केलेली काठी घेऊन, लाइफ जॅकेट घालून, दर दोन मीटरवर खोली मोजत समांतर रेषांत चालावं.

आणि वाळू टिकतच नसेल तर तिथे पुळण नसावी असं तलाव सांगतोय. दरवर्षी ट्रक ओतून ते सांगणं खोटं ठरत नाही.

निळीशाई

पाण्याच्या तपासणीवर सविस्तर लिहितो, कारण गोंधळ इथेच जास्त आहे.

गोड्या पाण्यात मुख्य निर्देशक म्हणजे ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू. हा स्वतः बहुतेक वेळा आजार देत नाही. विष्ठेचं पाणी मिसळतंय एवढं तो सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१२च्या निकषांत १०० मिलिलिटरमागे १२६ जिवाणू ही भूमितीय सरासरी (एखाद्या मोठ्या आकड्याने फार न फुगणारी) आहे आणि ४१० ही पातळी १० टक्क्यांहून जास्त नमुन्यांनी ओलांडू नये असं म्हटलंय. पुळणीवर त्या दिवशी सूचना लावायची की नाही हे ठरवण्यासाठी तिथे बऱ्याच ठिकाणी २३५ हा आकडा वापरतात. युरोपच्या २००६च्या निर्देशात अंतर्गत जलाशयांसाठी 'उत्कृष्ट' दर्जाला ५०० आणि 'चांगल्या'ला १००० ही मर्यादा आहे, पण ती अनेक नमुन्यांच्या ९५व्या शतमकावर (ज्याच्या खाली ९५ टक्के नमुने येतात तो आकडा) मोजतात. म्हणून एका नमुन्याचा आकडा घेऊन त्या ५००शी तुलना करणं चूक आहे.

नमुना घेण्याची पद्धत:
– निर्जंतुक बाटली. झाकणाला आणि तोंडाला आतून बोट लागू द्यायचं नाही.
– जागा आणि खोली दर वेळी तीच. युरोपीय पद्धतीत निदान एक मीटर खोल पाण्यात, पृष्ठभागाखाली ३० सेंमीवर.
– चालत गेल्यावर तळ ढवळतो. थोडं थांबून, आपल्या पुढच्या, न ढवळलेल्या पाण्यात बाटली उलटी बुडवून आत वळवायची.
– वरती थोडी हवा सोडायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत.
– तारखेसोबत वेळ, वारा, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, पक्ष्यांची संख्या आणि पाण्याचा गढूळपणा लिहायचा. हे न लिहिल्यास वर्षाअखेरीस नुसत्या आकड्यांतून काहीच समजत नाही.

सकाळचे आकडे दुपारपेक्षा चढे येतात, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी जिवाणू मरतात. गुडघाभर पाण्यातले आकडे कमरेएवढ्या पाण्यापेक्षा चढे येतात. दुपारी, खोल पाण्यात नमुना घेऊन "आमचं पाणी स्वच्छ" म्हणता येतं, पण लहान मुलं खेळतात ती गुडघाभर पाण्यातच.

तराफा

निळीशाई, निकाल यायला १८ ते २४ तास लागतात ना? मग आज लावलेली पाटी कालच्या पाण्याची. त्याचं काय करायचं?

निळीशाई

बरोबर, जिवाणू वाढवून मोजायच्या नेहमीच्या पद्धतीची ही मूळ अडचण आहे. क्यूपीसीआरने (जिवाणूंचा डीएनए मोजणारी चाचणी) तीन-चार तासांत कळतं, पण यंत्र आणि शिकलेला माणूस दोन्ही लागतात. छोट्या शहराला त्यापेक्षा पावसाचा नियम परवडतो. दोन-तीन मोसमांच्या नोंदींवरून बघा, किती मिमी पावसानंतर आकडे चढतात आणि खाली यायला किती वेळ लागतो. मग तेवढा पाऊस झाला की तपासणीची वाट न बघता पुळण आपोआप बंद. नोंदी नसतील तर जोराच्या पावसानंतर ४८ तास बंद ठेवून सुरुवात करा.

एक मात्र सांगून ठेवतो. सारखी तपासणी करून पाणी सुधारत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या रॅसीन शहराने नॉर्थ बीचवर पावसाळी पाण्याच्या मुखाशी ते पाणी मुरवणारी, पाणथळ वनस्पतींची व्यवस्था केली आणि वाळू विंचरायची पद्धत बदलली. पुळण बंद राहण्याचे दिवस घटले ते त्यामुळे.

लव्हाळे

वाळू विंचरण्याबद्दल थोडी भर घालते. ओल्या वाळूत जिवाणू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतात. ट्रॅक्टरमागे फळी लावून वाळू गुळगुळीत दाबली की फोटो छान येतो आणि ओल आत कोंडते. दातेरी अवजाराने सात ते दहा सेंमी खोल उकरून वाळू सुटी ठेवायची, म्हणजे ऊन लागून ती वाळते. पाण्यालगतच्या कायम ओल्या पट्ट्यात यंत्र नेऊ नका, तिथे हाताने दाताळं. वाहून आलेलं शेवाळ कुजायच्या आत, एक-दोन दिवसांत उचलायचं. त्याचा ढीग पुळणीच्याच कोपऱ्यात लावला तर त्याचा काळा पाझर परत तिथेच उतरतो.

आता बदकं आणि रानहंस. काठापर्यंत आखूड कापलेली हिरवळ म्हणजे त्यांना मेजवानीही आणि सुरक्षित जागाही. कोवळं गवत खायला मिळतं आणि धोका दिसला तर पाणी दोन पावलांवर. यावर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे हिरवळ आणि पाणी यांच्यामध्ये उंच गवताचा पट्टा. उंची ६० ते ७५ सेंमी, रुंदी निदान तीन मीटर, जमलं तर सहा ते दहा. आडून शिकारी येईल या भीतीने ते पक्षी असा पट्टा ओलांडायला कचरतात. पट्ट्यातून पाण्याकडे जाणाऱ्या वाटा नागमोडी ठेवा. सरळ वाट कापली की त्यांना पलीकडचं पाणी दिसतं आणि ते रांगेने त्याच वाटेने वर येतात. पहिली दोन वर्षं "गवत का कापत नाही" अशा तक्रारी येणारच. पट्ट्याच्या दोन्ही कडा फूटभर रुंद नीट कापून ठेवल्या की लोकांना ते मुद्दाम केलेलं आहे हे कळतं.

प्लास्टिकचे कोल्हे-घुबडं चार दिवस चालतात. नंतर त्यांच्याच डोक्यावर कुरव बसतात.

गाळमुक्त

लव्हाळेंशी सहमत. त्याच पट्ट्याचा दुसरा फायदा: खताचं पाणी अडतं. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवर अडलेली असते, त्यामुळे तलावाकाठच्या बागेत माती तपासल्याशिवाय फॉस्फरसयुक्त खत टाकूच नये. अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टन तलावात १९६८पर्यंत सांडपाणी पूर्ण वळवलं आणि त्यानंतर काही वर्षांतच पाणी नितळ झालं. फ्रान्समधल्या ॲनसी तलावाभोवतीच्या गावांनी १९५७मध्ये एकत्र संस्था काढून तलावाला वळसा घालणारी सांडपाण्याची वाहिनी बांधली. दोन्हीकडे आधी सांडपाण्याची वाट बदलली.

नील-हरित शेवाळ विषारी असू शकतं. ते ओळखायच्या दोन सोप्या चाचण्या:

काठीची: शेवाळात काठी घालून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर बहुतेक साधं तंतुमय शेवाळ. काठीला रंगात बुडवल्यासारखा लेप बसला तर संशय घ्या.

बरणीची: हातमोजे घालून पारदर्शक बरणी पाऊण भरा, न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. हिरवं वर तरंगून कडं झालं तर नील-हरित असण्याची शक्यता जास्त, तळाशी बसलं तर कमी. या चाचण्या फक्त चाळणीपुरत्या. विष आहे की नाही ते प्रयोगशाळाच सांगते. मायक्रोसिस्टिन या त्यातल्या एका विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१चा करमणुकीच्या पाण्याचा मार्गदर्शक आकडा लिटरमागे २४ मायक्रोग्रॅम, अमेरिकेचा २०१९चा ८.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, तवंग आला की घाईने मोरचूद मारणं. पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात सुटतं, म्हणजे दिसायला पाणी स्वच्छ आणि प्रत्यक्षात जास्त धोक्याचं. दुसरी, फक्त पुळणीवर पाटी लावणं. वारा तवंग ढकलून एखाद्या कोपऱ्यात दाट करतो आणि कुत्री नेमकी तिथेच पाणी पितात. पाटी प्रत्येक उतरणीवर हवी.

शिट्टी

सुरक्षेवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत, शरीर उभं. हे २० ते ६० सेकंद चालतं. म्हणून जीवरक्षकाची खुर्ची कुठे आहे याला महत्त्व. दुपारचा सूर्य समोर आला तर चकाकीत अर्धं पाणी दिसत नाही. खुर्ची चाकांची ठेवा किंवा दोन जागा करा, ध्रुवीकृत काचांचे चष्मे द्या, दर २० ते ३० मिनिटांनी माणूस बदला. जीवरक्षकाला तिकिटं फाडणं, भाड्याच्या कयाक (वल्ह्याच्या अरुंद होड्या) मोजणं ही कामं देऊ नयेत. हे सर्रास होतं.

झेंडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच: वर लाल, खाली पिवळा म्हणजे इथे जीवरक्षक आहे, एक लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, काळे-पांढरे चौकोन म्हणजे फळ्या आणि होड्यांचा भाग.

पोहण्याच्या हद्दीचा दोर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा, त्यावर बोये. नांगराची साखळी पाणीपातळीच्या चढउताराला पुरेल एवढी सैल हवी. पातळी उतरली की दोर ढिला होऊन हद्द सरकते, त्यामुळे महिन्यातून एकदा ताण तपासा. पोहणाऱ्यांसाठी नांगरलेला तराफा ठेवायचा तर सूर मारता येईल अशी खोली, निदान २.७ मीटर, चारी बाजूंनी. त्याच्या मागे जीवरक्षकाला न दिसणारा कोपरा तयार होतो हे धरूनच दुसरी खुर्ची लावा.

बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं १५ ते २० मीटर तरंगत्या दोरासह, कुलूप न लावता. दोर पेटीत कोंबायचा नाही, सैल वळणांत भरायचा, नाहीतर फेकताना गाठ पडते. चोरी होते हे मान्य. तरी कुलपातलं कडं वेळेला उपयोगी पडत नाही.

आणि वारा. काठाकडून आत वाहणारा वारा फसवा असतो, कारण काठाशी पाणी शांत दिसतं. हवेच्या गाद्या, रबरी बदकं, उभ्याने वल्हवायच्या फळ्या मिनिटांत आत जातात. पुळणीवर एक वातकुक्कुट किंवा कापडी नळी लावा आणि असा वारा असेल तेव्हा फुगवायच्या वस्तूंना बंदी घाला.

तराफा

शिट्टी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला हवा गरम आणि पाणी थंड असतं, तेव्हा काय?

शिट्टी

पाण्याचं तापमान फळ्यावर रोज लिहायचं. १५ अंशांखाली थंडीचा धक्का जोरात बसतो. १-१०-१ हा आडाखा लक्षात ठेवा: पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, शुद्ध हरपायला साधारण तास. बहुतेक माणसं पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात, गारठून मरायची वेळच येत नाही. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही, म्हणून छोट्या होडीतही लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नाही.

फेज

धक्क्यांवरच्या विजेबद्दल इथे लिहायलाच हवं. गोडं पाणी विजेचं वाहक म्हणून शरीरापेक्षा कमी प्रतीचं असतं. धक्क्यावरच्या दिव्यातून किंवा होडीच्या चार्जरमधून गळती झाली तर तो प्रवाह जवळ पोहणाऱ्या माणसाच्या अंगातून जायला बघतो. स्नायू आखडतात, माणूस पोहू शकत नाही, अंगावर भाजल्याची खूणही नसते. वाचवायला उडी मारणाराही त्यातच सापडतो. खाऱ्या पाण्यात हा धोका बराच कमी.

उपाय:
१) वीज असलेल्या धक्क्याजवळ पोहणं पूर्ण बंद, पाटीसह.
२) धक्क्याच्या पुरवठ्याला ३० मिलिअँपिअर किंवा त्याखाली तुटणारं गळतीसंरक्षण. त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं आणि नोंद ठेवायची.
३) मुख्य स्विच काठावर, सगळ्यांना दिसेल असा, मोठ्या अक्षरांत. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आल्या दिशेने धक्क्यापासून लांब जायचं, शिडी धरायची नाही. काठावरच्यांनी आधी वीज तोडायची, मग कडं फेकायचं.
४) दिव्यांसाठी शक्यतो कमी दाबाचा किंवा सौर पुरवठा. उजेड पिवळसर, ३००० केल्विनपर्यंत, खाली वळवलेला. पांढरा झोत पाण्यावर टाकला की किड्यांचे ढीग जमतात आणि पायवाट निसरडी होते.

तराफा

माझ्याकडून धक्के. मोटरबोटींसाठीचा धक्का पाण्यापासून ४५-५० सेंमी वर चालतो, पण कयाकला १५ ते २५ सेंमीच हवा. एकाच उंचीचा बांधला की कयाकवाले दगडांवरून उतरतात आणि काठ ढासळतो. पातळी मोसमात हातभरही बदलत असेल तर तरंगता धक्काच बरा.

होड्या उतरवायच्या रॅम्पचा उतार १२ ते १५ टक्के. त्याहून सपाट असेल तर गाडीची मागची चाकं पाण्यात जातात आणि तीव्र असेल तर घसरतात. काँक्रीटवर तिरक्या खोबणी पाडा, पाणी आणि शेवाळ बाजूला निघतं. इंजिन जोरात चालवून होडी ट्रेलरवर चढवणाऱ्यांमुळे रॅम्पच्या टोकाला खड्डा पडतो, मग ट्रेलरचं चाक कडेवरून खाली जाऊन अडकतं. टोकाशी मोठे दगड भरून ठेवा आणि तसं चढवायला मनाई करा.

रॅम्पशेजारीच होडी धुवायची जागा हवी, निचरा तलावात न जाणारा. झाडाचे तुकडे काढणं, बुडाचं पाणी सोडणं, पूर्ण वाळवणं, या क्रमाने. होड्यांबरोबर एका तलावातून दुसऱ्यात पसरणारे झेब्रा शिंपले ओलसर कोपऱ्यात कित्येक दिवस जगतात, आणि मिलफॉइलसारखी पाणवनस्पती एका तुकड्यापासूनही वाढते. त्यामुळे पोहण्याच्या भागात ती नुसती कापत बसलात तर पसरते; कापलेलं सगळं गोळा करावं लागतं.

काठावरून

पायवाटेबद्दल मीच टाकतो. चालणारे आणि सायकली एकत्र असतील तर रुंदी निदान ३ मीटर, गर्दीच्या टप्प्यात ४. दोन्ही बाजूंना ६० सेंमी मोकळं. आडवा उतार २ टक्क्यांपर्यंत. दगडी चुऱ्याची वाट चालायला सुखद आणि स्वस्त: खाली १५ सेंमी दाबलेली खडी, वर ५ ते ८ सेंमी बारीक चुरा, पाणी मारून रोलर. पण उभा उतार ५ टक्क्यांवर गेला की पावसात घळी पडतात, तेवढ्या तुकड्यांत डांबर किंवा काँक्रीट घाला.

चाकाच्या खुर्चीसाठी पुळणीवर गुंडाळता येणारी चटई, दीड मीटर रुंद, थेट ओल्या रेषेपर्यंत. पाच मीटर आधी संपवली तर तिचा काहीच उपयोग नाही. रोज झाडायची, नाहीतर वाळूखाली गाडली जाते.

गच्ची

काठाला सरळ काँक्रीटची भिंत बांधली तर? जागा वाचते, बसायला कट्टा मिळतो, दिसायलाही नेटकं.

वाळूपाणी

गच्ची, उभी भिंत लाट परतवते आणि परतणारी लाट भिंतीच्या पायाशी तळ खणते. काही वर्षांत भिंत पुढे कलते, शेजारची पुळणही खंगते. शिवाय पाण्यात पडलेल्याला वर यायला जागा नसते. भिंत आधीच असेल तर थोड्या थोड्या अंतरावर पाण्याच्या पातळीखालपर्यंत जाणाऱ्या शिड्या लावा. नवीन करताना १:२ किंवा सौम्य उताराचं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), खाली गाळणीचा थर, मधेमधे पायऱ्या. लाटा कमी असतील तिथे काथ्याचे ओंडक्यासारखे गठ्ठे आणि लव्हाळे पुरतात.

पातळीचा इतिहास बघितल्याशिवाय काहीही पक्कं बांधू नका. मिशिगन-ह्युरॉन या जोडलेल्या सरोवरांची पातळी जानेवारी २०१३मध्ये नोंदीतल्या नीचांकाला होती आणि २०२०च्या उन्हाळ्यात त्याहून पावणेदोन मीटरच्या वर. नीचांकाच्या काळात मोठी दिसणारी पुळण बघून स्वच्छतागृह पुढे बांधणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

लव्हाळे

एक राहिलं: पोहून आल्यावर अंगाला बारीक पुरळ आणि खाज. गोगलगायी आणि बदकं यांच्यात फिरणाऱ्या परजीवीच्या अळ्या चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. संसर्गजन्य नाही. काठाकडे वारा असलेल्या सकाळी उथळ पाण्यात त्रास जास्त. बाहेर आल्याआल्या टॉवेलने खसखसून पुसायचं, अंगावर पाणी वाळू द्यायचं नाही. शॉवर पुळणीच्या तोंडाशीच हवा, वाहनतळापाशी नाही.

गच्ची

शॉवरचं पाणी कुठे सोडायचं मग?

गाळमुक्त

सांडपाण्याच्या वाहिनीला. वाहिनी लांब असेल तर साबणाला बंदी करून खडी भरलेल्या शोषखड्ड्यात, काठापासून जमेल तितकं मागे. खड्ड्याआधी वाळू अडवायची जाळीची टाकी ठेवा आणि गर्दीच्या दिवसांत ती आठवड्याला उपसा, नाहीतर महिन्याभरात खड्डा बुजतो आणि पाणी पुळणीवरून वाहत तलावात जातं.